आयुर्विम्यातला ॲक्च्युअरियल ॲनालिस्ट : आकडा हलला का, हे सांगण्याचं काम

रेषाबिंदू

ॲक्च्युअरी म्हणजे विम्यातल्या जोखमीचं आणि पैशाचं गणित मांडणारा तज्ज्ञ. त्यासाठीच्या परीक्षांची माहिती ढिगाने मिळते. किती पेपर, कोणता आधी द्यावा, कोणता अवघड, सगळं. पण आयुर्विमा कंपनीत ॲनालिस्ट म्हणून रुजू झाल्यावर रोज समोर काय येतं, यावर मराठीत फारसं लिहिलेलं दिसत नाही. मी व्हॅल्युएशन विभागात बरीच वर्षं आहे, त्याआधी थोडा काळ प्रायसिंगला, म्हणजे हप्ते ठरवणाऱ्या विभागात, होतो. माझ्या बाजूचं सांगतो. बाकीच्या विभागांतल्या मंडळींनी भर घालावी.

व्हॅल्युएशन म्हणजे कंपनीने दिलेल्या सगळ्या वचनांची आजची किंमत काढणं. चालू असलेल्या प्रत्येक पॉलिसीवर पुढे केव्हा किती पैसे द्यावे लागतील, किती हप्ते येतील, खर्च किती होईल याचा अंदाज बांधायचा आणि व्याजदर लावून तो आजच्या तारखेला आणायचा. हे गणित प्रॉफेटसारखं सॉफ्टवेअर करतं. लाखो पॉलिसी चालवून शेवटी एक आकडा हाती येतो. नव्याने आलेल्याला वाटतं काम संपलं. वरिष्ठ विचारतात, मागच्या तिमाहीपेक्षा हा एवढा वाढला कसा?

ॲनालिस्टचा बराचसा वेळ या प्रश्नाच्या उत्तरात जातो, आणि माझ्या मते या पेशातलं सगळ्यात मोलाचं कौशल्य हेच आहे. मागच्या आकड्यापासून सुरुवात करायची. तीन महिन्यांचं व्याज चढलं. हप्ते आले, क्लेम गेले. नव्या पॉलिसी आल्या. अपेक्षेपेक्षा कमी किंवा जास्त मृत्यू झाले, कमी किंवा जास्त लोकांनी पॉलिसी सोडल्या. मग व्याजदर बदलला, मग गृहीतकं बदलली, मग मॉडेलमध्ये काही दुरुस्ती झाली. प्रत्येक पायरीसाठी मॉडेल वेगळं चालवायचं आणि त्या पायरीने आकडा किती सरकला ते लिहायचं. पायऱ्यांचा क्रम बदलला की प्रत्येकीच्या वाट्याला येणारा फरकही बदलतो, म्हणून दर वेळी तोच क्रम पाळावा लागतो. शेवटी जे उरतं त्याचं कारण सापडलेलं नसतं. ते लहान असायला हवं.

पण ते लहान आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. दोन मोठ्या चुका विरुद्ध दिशेच्या असल्या की एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरलेला फरक शून्याजवळ दिसतो. म्हणून प्रत्येक पायरीचा आकडा पटण्याजोगा आहे का, हे मॉडेल चालवण्याआधीच कागदावर ढोबळ काढून ठेवावं. समजा २० वर्षांनी १०० द्यायचे आहेत. ७ टक्के व्याजाने त्यांची आजची किंमत साधारण २५.८ येते, ६ टक्क्यांनी ३१.२. म्हणजे व्याजदर एका टक्क्याने उतरला तर हे देणं सुमारे २१ टक्क्यांनी फुगतं. एवढं डोक्यात असलं की मॉडेलने २ टक्के वाढ दाखवली तर लगेच शंका येते. बहुधा नवीन व्याजदराची फाइल मॉडेलने उचललेलीच नसते.

विदेबद्दलही (डेटाबद्दल) सांगतो, कारण कॉलेजात ती कायम स्वच्छ मिळते. इथे जन्मतारीख १ जानेवारी असलेल्यांची गर्दी असते, विमा रकमेत एक शून्य जास्त पडलेलं असतं, हप्ते थांबलेली पॉलिसी चालू म्हणून आलेली असते. सगळ्यात आधी पॉलिसींची मोजणी जुळवायची : सुरुवातीच्या, अधिक नव्या, अधिक पुन्हा सुरू झालेल्या, वजा मृत्यू, वजा मुदत संपलेल्या, वजा सरेंडर (पैसे परत घेऊन मध्येच बंद केलेल्या), वजा लॅप्स (हप्ते न भरल्यामुळे बंद पडलेल्या). बेरीज शेवटच्या संख्येशी जुळली नाही तर पुढे जायचंच नाही. हे काम कंटाळवाणं समजलं जातं. मला तसं कधी वाटलं नाही. त्या यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे कुणाच्या तरी घरच्यांना दिलेला शब्द आहे, आणि ती ओळ गळली तर त्या शब्दामागे पैसे ठेवायचे राहून जातात.

चांदणवेल

खूप उपयोगी. मी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. या कामात गणित किती आणि कोडिंग किती? सगळे म्हणतात एक्सेल आलं की पुरे, पण नोकरीच्या जाहिरातींत पायथन, आर, एसक्यूएल सगळंच मागतात.

रेषाबिंदू

एक्सेल सुटत नाही. विदा काढायला एसक्यूएल रोज लागतं. आर किंवा पायथन दोन्हींपैकी एक नीट येऊ दे, दुसरं गरजेप्रमाणे शिकता येतं. गणिताबद्दल मोजपट्टीताई जास्त चांगलं सांगतील, त्या अनुभव विश्लेषणात आहेत.

मोजपट्टी

सांगते. आमच्या विभागात प्रश्न असतो : आपण जे गृहीत धरलं होतं तसं झालं का? गृहीतकाप्रमाणे किती मृत्यू अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात किती झाले, त्यांचं गुणोत्तर काढायचं. सोपं वाटतं. समजा अपेक्षित २०, झाले १७. गुणोत्तर ८५ टक्के. दुसऱ्या गटात अपेक्षित २००, झाले १७०. तेही ८५ टक्केच. पण दोन्हींना सारखं वजन देता येत नाही. मृत्यूंच्या संख्येतला निव्वळ योगायोगाचा चढउतार साधारण अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. २० च्या गटात तो साडेचारच्या आसपास, तेव्हा ३ चा फरक काहीच सांगत नाही. २०० च्या गटात तो १४, आणि फरक ३० चा, म्हणजे दुपटीहून जास्त. इथे लक्ष द्यायला हवं. फक्त स्वतःच्या अनुभवावर गृहीतक बेतायला किती क्लेम लागतात, याचा जुना ठोकताळा १०८२ आहे : एवढे क्लेम असतील तर ९० टक्के खात्रीने निरीक्षण खऱ्या दराच्या ५ टक्के अलीकडे-पलीकडे राहतं. लहान गटात एवढे क्लेम कधीच नसतात. मग स्वतःचा अनुभव आणि उद्योगाचा, म्हणजे अनेक कंपन्यांच्या अनुभवावरचा, मृत्युदरांचा तक्ता यांचं मिश्रण करायचं. कोणाला किती वजन द्यायचं यात गणित आहे आणि निर्णयही आहे.

गणितापेक्षा जास्त चुका होतात त्या गुणोत्तर वाचताना. तीन ठिकाणी नवी मुलं हमखास फसतात.

पहिलं, शेवटची तिमाही नेहमी छान दिसते. मृत्यू झालेला असतो, घरच्यांनी अजून कळवलेलं नसतं. न कळवलेल्या क्लेमची तरतूद धरल्याशिवाय ताज्या आकड्यांवर बोलूच नये.

दुसरं, निवडीचा परिणाम. वैद्यकीय तपासणीतून पार पडून नुकताच आलेला माणूस त्याच वयाच्या जुन्या पॉलिसीधारकापेक्षा निरोगी असतो. तो फरक काही वर्षांत विरत जातो. ज्या कंपनीचा धंदा झपाट्याने वाढतोय तिच्याकडे असे ताजे लोक जास्त असतात, म्हणून एकूण मृत्युदर सुंदर दिसतो. वाढ मंदावली की तोच दर चढू लागतो आणि लोक नवं कारण शोधत बसतात. पॉलिसीच्या वयाप्रमाणे गट पाडले की हे लगेच दिसतं.

तिसरं, माणसं मोजायची की रक्कम? मोठ्या रकमेचा विमा घेणारे साधारणपणे सुस्थितीतले असतात आणि त्यांचा मृत्युदर कमी असतो. माणसं मोजून ९५ टक्के आलेलं गुणोत्तर रकमेने मोजलं की ८५ येऊ शकतं. कंपनीच्या खिशातून रक्कम जाते, त्यामुळे पैशासाठी रकमेचं गुणोत्तर बघायचं. पण एकाच मोठ्या क्लेमने ते डोलतं, म्हणून माणसांचंही शेजारी ठेवायचं.

दर्यावर्दी

मी विमा सल्लागार आहे, आकडेमोडीतला नाही. लोक मला विचारतात ते इथे विचारतो. वय वाढतं तशी जोखीम वाढते, मग २५-३० वर्षं हप्ता तोच कसा राहतो? आणि सुरुवातीला कंपनी जास्त घेते का?

रेषाबिंदू

हो, सुरुवातीला जास्त घेते, आणि ते योग्यच आहे. आमचा सगळा पेशा याच प्रश्नातून जन्मला, म्हणून थोडं मागे जातो.

एडमंड हॅली, धूमकेतूवाला, त्याने १६९३ मध्ये ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता मांडला आणि त्यावरून वार्षिकीची (माणूस जगेल तोवर दर वर्षी मिळणाऱ्या रकमेची) किंमत कशी काढावी ते दाखवलं. तरी पुढची कित्येक वर्षं विमा देणाऱ्या संस्था वयाचा हिशेब धड करत नव्हत्या. लंडनमधले गणितज्ञ जेम्स डॉडसन यांना वय जास्त म्हणून विमा नाकारला गेला, तेव्हा त्यांनी हिशेब मांडला : प्रवेशाच्या वयाप्रमाणे हप्ता ठरवला आणि तो आयुष्यभर सारखा ठेवला, तर कोणत्याही वयाच्या माणसाला न्याय्य दरात विमा देता येईल. ते १७५७ मध्ये वारले. त्यांच्या या कल्पनेवर १७६२ मध्ये इक्विटेबल ही संस्था उभी राहिली, आणि विम्याच्या कारभारात ॲक्च्युअरी हे पद पहिल्यांदा तिथेच आलं.

वय वाढतं तसा धोका चढतो तो सरळ रेषेत चढत नाही. १८२५ मध्ये बेंजामिन गोम्पर्ट्झ यांनी दाखवलं की प्रौढ वयात मृत्युदर दर वर्षी ठरावीक पटीने वाढतो. आजच्या तक्त्यांमध्ये ती वाढ वर्षाला ९-१० टक्क्यांच्या आसपास दिसते, म्हणजे साधारण ८ वर्षांत दुप्पट. आता हप्ता सपाट ठेवायचा तर सुरुवातीच्या वर्षांत गरजेपेक्षा जास्त आणि नंतर गरजेपेक्षा कमी येणार. सुरुवातीचं ते जास्तीचं बाजूला ठेवायचं, त्यावर व्याज मिळवायचं आणि उतारवयात वापरायचं. त्यालाच आम्ही रिझर्व्ह म्हणतो. पॉलिसीधारकांना दिलेल्या वचनांसाठी राखलेला तो पैसा आहे. त्याला नफा समजून हात लावला की विमा कंपनी बुडते.

तुमच्या ग्राहकाला सांगा : पहिल्या वर्षी भरलेल्या हप्त्याचा काही भाग तिसाव्या वर्षाच्या संरक्षणासाठी राखला जातोय.

दर्यावर्दी

हे उत्तर मला फार आधी मिळायला हवं होतं. आता ग्राहकाला नीट सांगता येईल. आभार.

कातळरेघ

वेगळं मत मांडतो. मी हे काम सोडून डेटा सायन्सकडे गेलो. परीक्षा संपता संपत नाहीत, दर तिमाहीला तेच मॉडेल, त्याच फाइली, तीच धावपळ. आणि पद्धती जुन्या. मशीन लर्निंगने मृत्युदराचा किंवा लॅप्सचा अंदाज जास्त अचूक येत असताना तक्ते आणि गुणोत्तरं कशाला धरून बसायची? हुशार मुलांनी विचार करून या क्षेत्रात यावं असं मला मनापासून वाटतं.

मोजपट्टी

धावपळीचं बरोबर आहे. तिमाही संपली की पहिले काही आठवडे घर आणि ऑफिस यांचा ताळमेळ बसत नाही. हे येणाऱ्यांनी माहीत करून घ्यावं.

अंदाजाच्या अचूकतेबद्दल मात्र पटत नाही. पुढच्या वर्षी कोण पॉलिसी सोडेल हे सांगायला नवी तंत्रं उत्तम आहेत, आम्हीही वापरतो. पण आमचं गृहीतक ३० वर्षं पुढे जातं. मागच्या पाच वर्षांच्या विदेतून शिकलेलं मॉडेल पंचविसाव्या वर्षी लोक कसे वागतील ते सांगू शकत नाही, कारण त्या उत्पादनाने अजून पंचविसावं वर्ष पाहिलेलंच नाही.

रेषाबिंदू

आणि गृहीतक चुकलं तर फायदा होतो की तोटा, तेही उत्पादनाप्रमाणे फिरतं. हे समजायला मला सर्वात जास्त वेळ द्यावा लागला, म्हणून विस्ताराने लिहितो.

मृत्यू कमी झाले तर मुदतीच्या विम्यात कंपनीला फायदा, पण वार्षिकीत तोटा, कारण पेन्शन जास्त वर्षं द्यावी लागते. एवढं सगळ्यांना कळतं. लॅप्सचं तसं नाही. सुरुवातीलाच पॉलिसी बंद पडली तर विक्रीचा खर्चसुद्धा वसूल होत नाही, तोटा होतो. पण सरेंडरचे पैसे न देणाऱ्या सपाट हप्त्याच्या दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत माणूस पंधराव्या वर्षी सोडून गेला, तर त्याच्यासाठी जमलेला रिझर्व्ह मागे राहतो आणि कंपनीला फायदा होतो. आता प्रायसिंग करताना गृहीत धरलं की दर वर्षी बरेच लोक सोडतील, आणि त्या जोरावर हप्ता कमी ठेवला. लोक सोडून गेलेच नाहीत तर? कॅनडात वयाच्या शंभरीपर्यंत चालणाऱ्या मुदतीच्या विम्यात आणि अमेरिकेत दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्यात नेमकं हेच झालं. लोकांनी पॉलिसी अपेक्षेपेक्षा घट्ट धरून ठेवल्या. म्हणजे ‘सावध’ गृहीतक म्हणून लॅप्सचा दर सरसकट वर किंवा सरसकट खाली नेता येत नाही. कोणत्या वर्षी, कोणत्या उत्पादनात, हे बघावं लागतं. ॲनालिस्टने गृहीतक दोन्ही बाजूंना हलवून निकाल कुठे उलटतो ते दाखवणं ही माझ्या दृष्टीने अनिवार्य गोष्ट आहे.

हमीचंही तसंच. जपानमध्ये चढ्या व्याजाच्या हमीवर विकलेल्या पॉलिसी १९९० च्या दशकात व्याजदर कोसळल्यावर गळ्याशी आल्या. १९९७ मध्ये निस्सान म्युच्युअल बुडाली आणि २००१ पर्यंत अशा सात आयुर्विमा कंपन्या कोसळल्या. आणि वर सांगितलेली इक्विटेबल? तिने १९८८ पर्यंत अशा पेन्शन पॉलिसी विकल्या की निवृत्तीच्या वेळी ठरावीक दराने वार्षिकी मिळेल. विकताना बाजारातले व्याजदर जास्त असल्यामुळे त्या हमीची किंमत जवळजवळ शून्य वाटत होती. व्याज उतरलं, लोक जास्त जगू लागले आणि हमी महाग झाली. हमी वापरणाऱ्यांचा अंतिम बोनस कापून संस्थेने मार्ग काढायचा प्रयत्न केला. जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने) तो नाकारला आणि डिसेंबरमध्ये संस्थेने नवा व्यवसाय बंद केला. जिथे हा पेशा सुरू झाला तीच संस्था. त्या पॉलिसीधारकांनी आयुष्यभराची बचत विश्वासाने दिली होती. कातळरेघ, म्हणूनच मला तेच मॉडेल पुन्हा तपासण्याचा कंटाळा येत नाही.

कातळरेघ

लॅप्सचा मुद्दा मान्य, असा विचार केला नव्हता. पण परीक्षांच्या ओझ्याबद्दलचं मत कायम आहे.

सुरंगी

परीक्षा आणि नोकरी एकत्र करणाऱ्यांसाठी : ओझं आहेच. मी आयएफओए या ब्रिटनमधल्या ॲक्च्युअरींच्या संस्थेच्या परीक्षांच्या मार्गाने जातेय. अभ्यासाची रजा किती मिळते, पेपरची फी कोण भरतं, नापास झाल्यावर धोरण काय, हे नोकरी स्वीकारण्याआधी लेखी विचारून घ्या. संकोच नको.

सीएम१ (ॲक्च्युअरियल गणित) आणि सीएस२ (संख्याशास्त्र) या पेपरांमधलं बरंच गणित कामात रोज तसंच्या तसं येत नाही, पण ते येत असेल तर मॉडेल काय करतंय ते कळतं. माझ्या कामाच्या सर्वात जवळचे पेपर वाटले ते सीपी२ आणि सीपी३. पहिल्यात मॉडेल बांधून त्याच्या प्रत्येक पायरीची नोंद अशी ठेवायची की दुसऱ्याला तपासता यावी. दुसऱ्यात तांत्रिक निष्कर्ष या विषयातल्या नसलेल्या माणसाला समजेल असा लिहायचा. अनेक जण यांना सोपे समजून शेवटी तयारी करतात. तसं करू नका.

आणखी एक. १ जानेवारी २०२३ पासून आयएफआरएस १७ हे विमा करारांच्या लेखांकनाचं आंतरराष्ट्रीय मानक लागू झाल्यावर अनेक कंपन्यांत काम बरंच बदललं. नव्या पॉलिसीवरचा अपेक्षित नफा पहिल्या दिवशी दाखवता येत नाही, तो सेवा देत जाल तसा वर्षांवर पसरतो. तोटा दिसला तर मात्र तो तिथल्या तिथे दाखवावा लागतो. एका वर्षाहून जास्त अंतराने विकलेल्या पॉलिसी एका गटात ठेवता येत नाहीत, त्यामुळे गटांची संख्या भराभर वाढते. लेखापाल आणि ॲक्च्युअरी यांना एकाच टेबलावर बसावं लागतं. ज्यांना लेखांकनाची भीती वाटते त्यांनी ती लवकर घालवावी.

चांदणवेल

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न : मुलाखतीला जाण्याआधी घरी बसून असं काय करू की ज्यातून मी हे काम करू शकते हे दिसेल?

रेषाबिंदू

ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेसमध्ये अनेक देशांचे मृत्युदर विनामूल्य मिळतात, फक्त नोंदणी करावी लागते. त्यातला एक तक्ता घे. ३५ वर्षांच्या माणसासाठी २० वर्षांच्या मुदतीच्या विम्याचा सपाट वार्षिक हप्ता एक्सेलमध्ये काढ. खर्च आणि लॅप्स सध्या सोड. मग प्रत्येक वर्षाअखेरचा रिझर्व्ह काढ आणि आलेख बघ. तो वर चढून पुन्हा शून्यावर यायला हवा. नाही आला तर सूत्र तपास.

त्यानंतर व्याजदर एका टक्क्याने कमी कर, मग तो परत जागेवर आणून मृत्युदर १० टक्क्यांनी वाढव. हप्ता कशाने जास्त हलला आणि का, ते अर्ध्या पानात लिही. मृत्युदराचा परिणाम व्याजदरापेक्षा खूप मोठा दिसेल. हेच आजीवन विम्यावर केलंस तर व्याजदराचा परिणाम बराच वाढेल. तो फरक का पडतो, ते तुझ्या शब्दांत लिहिता आलं पाहिजे.

मोजपट्टी

आणि क्लेम वर्षाच्या मध्यावर धरलास की शेवटी, हप्ता वर्षाच्या सुरुवातीला धरलास का, तक्ता कोणत्या वर्षाचा आणि स्त्रियांचा की पुरुषांचा, हे सगळं शीटच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. मी मुलाखत घेते तेव्हा उत्तर बघण्याआधी ते पान वाचते.